घाटमाथ्याची हवा आणि क्षयाचे उपचार

महाराष्ट्रातील क्षयरोगोपचारांचा इतिहास सांगताना मिरज, पाचगणी, औंध, शिवडी ही नावे येतात; खंडाळ्याचे सहसा येत नाही. तरीही या इतिहासाची सुरुवात खंडाळ्यापासून करणे सोयीचे आहे. मुंबईकरांच्या मनात ‘हवापालट’ ही कल्पना ज्या ठिकाणांनी रुजवली, त्यांत बोरघाटाच्या माथ्यावरचे हे गाव आघाडीवर होते, आणि औषधे हाती येईपर्यंत क्षयावर हवापालट हाच मुख्य उपाय समजला जात होता. त्या उपायाचे बळ आणि त्याच्या मर्यादा, दोन्ही खंडाळ्यावरून नीट कळतात.

घाटातील जुनी वाट मराठेशाहीतही वाहती होती. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८३० मध्ये, तेथे गाडीरस्ता झाला आणि मुंबईच्या गोऱ्या अंमलदारांना सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवरचे खंडाळे हाताशी आले. एलफिन्स्टन यांनी १८७१ मध्ये लोणावळा-खंडाळा ‘शोधून काढले’ असे पर्यटनाच्या माहितीपत्रकांत हमखास छापलेले असते. माउंटस्टुअर्ट एलफिन्स्टन १८२७ मध्येच गव्हर्नरपदावरून गेले आणि १८५९ मध्ये वारले, तेव्हा हा शोध कोणी लावला हे माहितीपत्रकांनीच सांगावे. मावळातल्या गावांना तर आपण हरवलो होतो याची कधी खबरच नव्हती.

खरा बदल रेल्वेने केला. खंडाळा ते पुणे ही गाडी १८५८ मध्ये सुरू झाली, पण घाटाचा चढ अजून बांधून व्हायचा होता. त्यामुळे उतारूंना खोपोलीला उतरून पालखीने किंवा गाडीने घाट चढावा लागे. चढाचे काम पुरे होऊन २१ एप्रिल १८६३ रोजी मार्ग खुला झाला. या कामावर ऐन भरात चाळीस हजारांहून अधिक मजूर होते. पटकी आणि ताप यांनी त्यांच्यातली कितीतरी माणसे नेली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर काही आठवड्यांतच मरण पावले आणि काम त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी तडीस नेले. पुढे ज्या डोंगरावर लोक प्रकृती सुधारण्यासाठी येऊ लागले, तेथे जाणारी वाट अशी माणसांच्या जिवावर तयार झाली होती.

इंग्रजी अमदानीत थंड हवेची ठिकाणे वसली ती आधी आरोग्यासाठी, करमणूक नंतर आली. माल्कम यांनी महाबळेश्वराला वसवलेली पेठ, ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये पाहिलेले माथेरान, चेसन यांनी वाढवलेली पाचगणी, गोऱ्या शिपायांना बरे होण्यासाठी पाठवायचा पुरंदर किल्ला हे सारे त्याच विचारातून आले. दमट, उष्ण, गर्दीच्या जागेतील दूषित हवा माणसाला आजारी पाडते आणि उंचावरची कोरडी, वाहती हवा त्याला बरे करते, ही तेव्हाच्या वैद्यकाची समजूत होती. युरोपात तिला क्षयाच्या बाबतीत पद्धतशीर रूप मिळाले. हेरमान ब्रेमर यांनी १८५० च्या दशकात सायलीशियातील गोर्बर्सडॉर्फ येथे क्षयरोग्यांसाठी संस्था काढली, त्यानंतर स्वित्झर्लंडमधले दाव्होस गाजले. ब्रेमर यांचा सिद्धांत असा की उंचावर हवेचा दाब कमी असल्याने हृदय जोरात चालते आणि फुप्फुसे सुधारतात. सिद्धांत चुकीचा निघाला, संस्था मात्र टिकली. त्यांचे शिष्य डेटवायलर यांनी भर दिला तो सक्तीच्या विश्रांतीवर आणि भरपूर खाण्यावर, आणि जगभरच्या सॅनिटोरियमांनी पुढे हाच क्रम उचलला.

या देशाला रोग नवा नव्हता. आयुर्वेदाने त्याला राजयक्ष्मा म्हटले, रोगांचा राजा मानले. अडुळसा, सितोपलादी चूर्ण, सुवर्णाचे कल्प, शेळीचे दूध असे उपचार होते. शेळ्यांच्या सहवासात झोपावे असाही सल्ला असे. थोरले माधवराव पेशवे थेऊरला १८ नोव्हेंबर १७७२ रोजी गेले ते याच रोगाने, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी. राज्यातले उत्तम वैद्य हाताशी असून उपयोग झाला नाही.

शंभराहून अधिक वर्षांनी आनंदीबाई जोशी यांच्या बाबतीत पश्चिमेचे वैद्यकही तितकेच हतबल ठरले. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. त्याआधीच तेथील थंडी, अपुरा आहार आणि अभ्यासाचा ताण यांनी त्यांची प्रकृती ढासळली होती. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू २४ मार्च १८८२ रोजीच जाहीर केला होता, म्हणजे आनंदीबाई शिकत असताना रोगाचे कारण ठाऊक होते, इलाज नव्हता.   कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील नेमणूक हाती असताना २६ फेब्रुवारी १८८७ रोजी आनंदीबाईंनी पुण्यात प्राण सोडला. वय एकवीस.

खंडाळ्याला रोगी आणि त्यांचे नातेवाईक येत ते याच असहायतेच्या काळात. मुंबईतल्या डॉक्टरने ‘हवा बदला’ म्हणावे आणि ऐपत असलेल्या कुटुंबाने बिछाने, भांडी, स्वयंपाकी घेऊन घाटावर एखादा बंगला भाड्याने घ्यावा, अशी रीत पडली. पारशी आणि गुजराती व्यापाऱ्यांनी खंडाळा-लोणावळ्यात स्वतःचे बंगले बांधले. ज्यांना ते परवडत नव्हते त्यांच्यासाठी त्या-त्या समाजाच्या धर्मादाय विश्वस्तांनी नाममात्र भाड्याच्या खोल्या उभारल्या, आणि त्यांनाही सॅनिटोरियम म्हणण्याचा प्रघात पडला. येथे गल्लत होण्यासारखे आहे. दाव्होसचे सॅनिटोरियम म्हणजे डॉक्टरच्या हुकमाखाली चालणारे रुग्णालय. घाटमाथ्यावरचे सॅनिटोरियम म्हणजे बहुधा ज्ञातीतील बाळंतीण, तापातून उठलेले मूल, थकलेला कारकून यांनी महिनाभर राहायची जागा. तेथे डॉक्टर नसे, आणि खोकल्यातून रक्त पडणाऱ्या माणसाचे तेथे स्वागत होईलच असे नव्हते. रोग जंतूने पसरतो हे कळल्यावर तर थंड हवेच्या ठिकाणची हॉटेले आणि घरमालक क्षयरोग्याला जागा देईनासे झाले. ज्या हवेची शिफारस त्याच्यासाठी म्हणून झाली होती, तेथे रोग लपवूनच त्याला राहावे लागे.

खंडाळ्याची दुसरी अडचण पावसाची. लोणावळा-खंडाळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरांच्या घरात पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या दिवसांत भिंतींना ओल येते, कपडे वाळत नाहीत, सूर्य आठवडेच्या आठवडे दिसत नाही. क्षयाचा जंतू उन्हात लवकर मरतो. कोंदट, अंधाऱ्या खोलीत जास्त तग धरतो. म्हणजे आठ महिने उत्तम आणि चार महिने नेमकी उलट, अशी ही हवा होती. अमेरिकेत डेन्व्हरला क्षयरोग्यांचे शहर ही ख्याती मिळाली ती कोरड्या हवेमुळे. रॉकी पर्वताच्या पायथ्याशी, सुमारे सोळाशे मीटर उंचीवर, वर्षभर ऊन आणि पाऊस अगदी थोडा. तेथेही गरीब रोगी रस्त्यावर मरू लागले तेव्हा नॅशनल ज्यूइश रुग्णालय १८९९ मध्ये फुकट उपचारांसाठी उघडले. सह्याद्रीत डेन्व्हरसारखी हवा हवी असेल तर घाटमाथा सोडून पूर्वेला सरकावे लागते. कार्ला, कामशेत, वडगाव ओलांडून तळेगावला यावे, तसा पाऊस झपाट्याने घटत जातो. खंडाळ्याहून रेल्वेने जेमतेम तासाभराचे हे अंतर, पण हवा वेगळी. तळेगाव दाभाड्याच्या जनरल हॉस्पिटलला जोडून ‘कन्व्हलेसंट होम’ हे नाव आले ते याच गुणामुळे असावे.

मोठी सॅनिटोरियमे घाटाच्या पावसाळी कडेपासून दूर गेली, यामागे हाच हिशेब दिसतो. पाचगणी उंच आहे, पण शेजारच्या महाबळेश्वराच्या मानाने तेथला पाऊस तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. तेथे डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये बेल-एअर सॅनिटोरियम सुरू केले. ते नंतर भारतीय रेडक्रॉसकडे गेले. मिरजेला उंची नाही, पण हवा कोरडी. अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत शस्त्रक्रियेचे नामांकित रुग्णालय उभारल्यावर १९२० मध्ये सांगली-मिरज दरम्यान क्षयरोग्यांसाठी वेगळी वसाहत वसवली. तीच आजची वॉनलेसवाडी. देशात अन्यत्रही याच सुमारास ही लाट आली होती. अजमेरजवळ तिलोनिया येथे मिशनने १९०६ मध्ये पहिले सॅनिटोरियम काढले. सिमल्याच्या वाटेवर धरमपूरला मुंबईचे बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडूमल यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये आणखी एक निघाले.

आत काय चाले? रोगी व्हरांड्यात किंवा तीन बाजूंनी उघड्या खोलीत खाटेवर पडून राही, थंडीतही. सकाळ-संध्याकाळ ताप मोजून तक्त्यावर मांडला जाई, आठवड्याला वजन. थुंकीसाठी झाकणाचे भांडे, आणि ती जाळून किंवा औषधात टाकून नष्ट करायची. दूध, अंडी, तूप भरपूर. ताप उतरला की आधी खाटेवर बसायची परवानगी, मग दहा पावले, मग बागेत फेरी, आणि ताप पुन्हा चढला की सगळे पहिल्यापासून. मोठ्याने बोलू नये, पत्र लिहून थकू नये, घरच्या काळज्या करू नयेत असे नियम असत. शेवटचा कोणी पाळत असेल असे वाटत नाही. क्ष-किरण आल्यावर फुप्फुसातील पोकळी दिसू लागली आणि मग तिला मिटवण्याचे प्रयत्न सुरू झाले. बरगड्यांमधून सुई घालून छातीत हवा भरायची, म्हणजे रोगट फुप्फुस दबून त्याला विश्रांती मिळते. इटलीचे फोर्लानिनी यांची ही पद्धत मिरजेसारख्या ठिकाणी नित्याची झाली. हवा शोषली जाई, म्हणून ती पुन्हा पुन्हा भरावी लागे, कधी वर्षानुवर्षे. त्यानेही भागले नाही तर बरगड्या कापून छातीची ती बाजूच कायमची बसवत. या शस्त्रक्रियेतून उठलेली माणसे एका खांद्याने झुकलेली दिसत.

एवढे करून गुण किती? औषधांपूर्वी ज्यांच्या थुंकीत जंतू सापडत, त्यांच्यातले निम्म्याच्या आसपास पाच वर्षांत दगावत. सॅनिटोरियममधून ‘बरे’ होऊन गेलेल्यांतही रोग उलटणारे पुष्कळ. शिवाय तेथे पोचणारा रोगी मुळात सुरुवातीच्या अवस्थेतला आणि खात्यापित्या घरचा असे, त्यामुळे निकाल असतील त्याहून चांगले दिसत. सॅनिटोरियमचा निर्विवाद लाभ एकच होता: खोकणारा माणूस घरातल्या लहान मुलांपासून दूर जाई. आणि तो लाभ रोग्याला नव्हे, त्याच्या घरच्यांना होता.

मुंबईच्या गिरणगावात हेच व्हायला हवे होते आणि तेथेच ते होत नव्हते. एका खोलीत आठ-दहा माणसे, दिवसपाळी आणि रात्रपाळीचे गडी एकाच अंथरुणावर, धुराने काळी झालेली भिंत, खिडकी असलीच तर बंद. १८९६ च्या प्लेगनंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि काही वस्त्या पाडल्या गेल्या, पण चाळींतली दाटी हटली नाही. महापालिकेचे आरोग्याधिकारी डॉ. टर्नर यांनी क्षयाचा प्रश्न घरांच्या प्रश्नाशी जोडला. १९१० नंतरच्या काळात क्षयरोगविरोधी संस्था आणि दवाखाने सुरू झाले. तरी गिरणीत खोकू लागलेला कामगार बहुधा दवाखान्यात न जाता गावी जाई. कोकणात, देशावर, मावळात. घरी निदान माणसे होती, आणि मरायचे तर आपल्या गावात ही ओढ. त्यामुळे मुंबईच्या मृत्यूंच्या आकड्यांत तो दिसतच नसे, आणि गावात मात्र रोगाचे नवे ठाणे बसे. डॉ. आर्थर लँकेस्टर यांनी देशभर फिरून १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात शहरातून खेड्याकडे जाणाऱ्या या प्रवाहाकडे लक्ष वेधले होते. बोरघाटातून वर येणाऱ्या गाडीत म्हणजे दोन तऱ्हेचे रोगी असत. एक हवा खायला खंडाळ्याला उतरणारा, दुसरा त्याच गाडीने पुढे जाऊन आडवळणाच्या स्टेशनवर उतरून पायी गाव गाठणारा. पहिल्याची नोंद बंगल्यांच्या आणि सॅनिटोरियमांच्या इतिहासात राहिली. दुसऱ्याची कोठेच नाही, आणि संख्येने तोच जास्त होता.

देशातील आरोग्यसेवेच्या पाहणीसाठी नेमलेल्या भोर समितीने १९४६ मध्ये जे चित्र मांडले त्याने ही विषमता आकड्यांत आणली. देशात सुमारे २५ लाख क्षयरोगी, वर्षाला पाच लाख मृत्यू, आणि क्षयासाठी खाटा साऱ्या मिळून सहा हजारांच्या आसपास. दर चारशे रोग्यांमागे एक खाट. सॅनिटोरियमे कितीही बांधली तरी हा हिशेब जमणारा नव्हता. तरीही पुढची काही वर्षे प्रयत्न त्याच दिशेने झाले. मुंबईत शिवडीचे क्षयरोग रुग्णालय हजार खाटांपर्यंत वाढले. पुण्याजवळ औंधला उरो रुग्णालय आले आणि मावळातल्या गरीब रोग्याला प्रथमच आवाक्यातली जागा मिळाली. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये स्थापन केलेल्या कैवल्यधामात श्वसनाचा अभ्यास होत होता, पण त्याचा रोख योगक्रियांच्या शरीरशास्त्रावर आणि दम्यासारख्या जुनाट विकारांवर होता. क्षयाशी त्याची गल्लत करू नये.

स्ट्रेप्टोमायसिन १९४४ मध्ये जाहीर झाले, त्यामागोमाग पॅरा-ॲमिनो-सॅलिसिलिक आम्ल आणि १९५२ मध्ये आयसोनियाझिड. एकेकटे औषध दिले की जंतू त्याला सरावतात, दोन-तीन एकत्र दिली की रोग बरा होतो, हे थोड्याच वर्षांत कळले. पुणे-लोणावळा लोहमार्गावरच पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना आला. पेनिसिलिननंतर तेथे स्ट्रेप्टोमायसिनही तयार होऊ लागले. खंडाळ्याच्या हवेकडून जे मागितले जात होते ते त्याच मार्गावर, दोन तासांच्या आत, कुपीत मिळू लागले होते.

आता प्रश्न उरला तो औषध घेताना रोग्याने राहावे कोठे. त्याचे उत्तर मद्रासमध्ये मिळाले. वॉलेस फॉक्स आणि सहकाऱ्यांनी १९३ गरीब रोग्यांचे दोन गट केले. एकाला सॅनिटोरियममध्ये ठेवले, दुसऱ्याला घरीच, आणि दोघांना वर्षभर सारखीच औषधे दिली. १९५९ मध्ये निष्कर्ष आले: सॅनिटोरियममध्ये ९२ टक्के आणि दाटीवाटीच्या घरांत ८६ टक्के रोग्यांना गुण आला. सॅनिटोरियमच्या गटाला खायला चांगले होते, विश्रांती होती, स्वच्छ हवा होती. तरी फरक एवढाच. घरातल्या मंडळींना लागण होण्याचे प्रमाणही घरी उपचार घेतल्याने वाढले नाही, कारण औषध सुरू झाल्यावर रोग्याचा संसर्ग लवकर कमी होतो आणि घरच्यांना जी लागण व्हायची ती बहुधा निदानाआधीच झालेली असते. शंभर वर्षांच्या सॅनिटोरियम-विचाराला इतक्या नेमक्या प्रयोगाने निरोप मिळाला, आणि तो एका गरीब देशातल्या प्रयोगाने, ही गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात थोडी वेगळीच आहे. आयसीएमआरच्या १९५५ ते १९५८ च्या पाहणीत खेड्यांतही शहरांइतकाच क्षय असल्याचे दिसले होते, त्यामुळे घरपोच उपचारांना पर्यायच नव्हता. बंगळूरची राष्ट्रीय क्षयरोग संस्था १९५९ मध्ये सुरू झाली आणि १९६२ पासून जिल्हावार कार्यक्रम आखला गेला.

सॅनिटोरियमांचे पुढे काय झाले ते ठिकाणागणिक वेगळे. पाचगणीच्या बेल-एअरने एचआयव्हीग्रस्तांची शुश्रूषा आणि परिचारिकांचे शिक्षण हाती घेतले. वॉनलेसवाडीचे छातीचे रुग्णालय राहिले, औंधचे उरो रुग्णालय जिल्हा रुग्णालयाच्या आवारात सामावले. शिवडीत खाटा अजून लागतात, कारण औषधांना दाद न देणारा क्षय मुंबईत मोठ्या प्रमाणावर आहे. खंडाळ्याच्या सॅनिटोरियमांना तर रोगी नकोच होते. ती सुट्टीतल्या कुटुंबांची झाली, काही पडली, काहींच्या जागी हॉटेले आली.

मावळात आज क्षयाचा उपचार कार्ला, खडकाळा, टाकवे बुद्रुक यांसारख्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतून आणि आशा कार्यकर्तीच्या हातून होतो. १९९७ पासूनच्या सुधारित कार्यक्रमात डोळ्यांसमोर गोळ्या घेण्याची पद्धत आली, आधी आठवड्यातून तीनदा, २०१७ पासून रोज. साधा क्षय असेल तर सहा महिने. २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही प्रत्येक रोग्याची नोंद करावी लागते. एप्रिल २०१८ पासून आहारासाठी महिना ५०० रुपये थेट खात्यात येऊ लागले, नोव्हेंबर २०२४ पासून १०००. दूध-अंड्यांचा जो भाग सॅनिटोरियमच्या क्रमात होता, तो या रूपाने परत आला आहे. अडचणी दुसऱ्या आहेत. गोळ्यांनी दोन महिन्यांत बरे वाटते आणि मग कामाला गेलेला माणूस उरलेल्या गोळ्या सोडतो. तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत आलेला परप्रांतीय कामगार ठेका संपला की गाव बदलतो आणि त्याची नोंद मागे राहते. डोंगरवाड्यांतील कातकरी आणि ठाकर वीटभट्टीला किंवा मजुरीला स्थलांतर करतात तेव्हाही तेच होते. गाव बदलणाऱ्या अशा रोग्याचे उपचार अर्ध्यावर तुटू नयेत म्हणून ‘निक्षय’ या संगणकीय नोंदवहीत त्याची माहिती नव्या ठिकाणच्या केंद्राकडे वर्ग करण्याची सोय केलेली आहे.